सहा बळाचे दोन वीर

पत्त्यांच्या डावाला बसलेल्या मनुष्यास राजाची योग्यता काय, हे कोणी समजावून सांगावे लागत नाही. राजा राणीपेक्षा वरचढ, राणी गुलामापेक्षा वरचढ, आणि हुकमाची दुर्री हाती असली तर परक्या रंगाच्या एक्क्यालाही तिच्यापुढे मान तुकवावी लागते, एवढे ज्यास ठाऊक झाले त्याची मूल्यमापनाची विद्या तेथेच पुरी झाली. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफांत हा क्रम किंचित अवघड होतो. कारण त्या १२० वाटोळ्या पत्त्यांत दहा अवतारांचे दहा रंग असून त्यांपैकी अर्ध्या रंगांत दश्शी एक्क्याहून श्रेष्ठ, तर उरलेल्या अर्ध्यांत एक्का दश्शीहून श्रेष्ठ मानलेला असतो. परंतु तेथेही राजा तो राजाच आणि प्रधान तो प्रधानच. पत्त्याची प्रतिष्ठा एकदा ठरली की ती सबंध डावभर ढळत नाही, आणि खेळणाऱ्याचे कौशल्य पत्ता केव्हा टाकावा एवढ्यातच पाहिले जाते, पत्ता कोणता बाळगावा हा प्रश्न त्याच्यापुढे उभाच राहत नाही.

हा दुसरा प्रश्न खेळाच्या केंद्रस्थानी आणून बसविण्याचे श्रेय अमेरिकेतील रिचर्ड गारफील्ड या गणितज्ञाकडे जाते. त्याने रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हा खेळ १९९३ साली बाजारात आला आणि त्याबरोबर संग्राह्य पत्त्यांच्या खेळांचा एक नवाच संप्रदाय सुरू झाला. या खेळांत ठरीव बावन्न पाने नसतात. शेकडो निरनिराळे पत्ते छापलेले असतात, ते बंद पुडक्यांतून विकले जातात, पुडक्यात काय निघेल हे दैवावर असते, आणि आपापल्या संग्रहातून निवडून प्रत्येकाने आपली गड्डी स्वतः बांधावयाची असते. या संप्रदायातील विज्ञानकथेवर आधारलेला एक नामांकित खेळ म्हणजे व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक येथील डिसायफर कंपनीने १९९५ च्या डिसेंबरात काढलेला ‘स्टार वॉर्स’चा पत्त्यांचा खेळ होय. जॉर्ज लूकसच्या १९७७ सालच्या चित्रपटातील पात्रे, स्थळे, याने आणि शस्त्रे त्याच्या ३२४ पत्त्यांच्या पहिल्या संचात विभागलेली होती, त्यांपैकी १६२ एका पक्षाची आणि १६२ दुसऱ्या पक्षाची. आणि पत्त्यांवर चितारलेली चित्रे नसून खुद्द चित्रपटातील छायाचित्रे होती. बंडखोरांच्या उजळ बाजूस आपण येथे शुक्लपक्ष म्हणू आणि साम्राज्याच्या काळ्या बाजूस कृष्णपक्ष.

या खेळातील एखाद्या पात्राच्या पत्त्याची परीक्षा कशी करावी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. विषय वरकरणी पोरखेळाचा वाटेल. परंतु ज्यांनी तो मन लावून हाताळला त्यांच्या ध्यानी असे आले की, या एका चौकोनी कागदाची किंमत ठरविताना मनुष्याला जी चूक करण्याचा मोह होतो, तीच चूक तो इतर पुष्कळ ठिकाणी करीत असतो. ती चूक अशी की, एखादी वस्तू कामास आली असता काय करील एवढेच तो पाहतो; ती कामास आली नाही तर आपणांस किती महाग पडेल, हे विचारावयाचे राहून जाते.

परीक्षेस आरंभ करण्यापूर्वी खेळाची राज्यव्यवस्था थोडक्यात समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यातच सारी मेख आहे. प्रत्येक खेळाडूची गड्डी बरोबर साठ पत्त्यांची असते, आणि ही गड्डी एकाच वेळी त्याची फौज, त्याचा खजिना आणि त्याचे आयुष्य अशी तिन्ही असते. चित्रपटात चराचर व्यापून राहिलेली ‘फोर्स’ नावाची जी शक्ती सांगितली आहे, तिचे प्रतीक म्हणून येथे दुसरी कोणतीही नाणी किंवा सोंगट्या योजलेल्या नाहीत. पालथे पडलेले पत्तेच फोर्स होत. टेबलावर मांडलेल्या स्थळांच्या पत्त्यांवर आपल्या पक्षाची जितकी चिन्हे असतील त्यांत एक मिळवून येईल तितके पत्ते आपल्या पाळीच्या आरंभी राखीव गड्डीच्या माथ्यावरून न पाहता उचलून एका थप्पीत ठेवावयाचे, ही झाली त्या पाळीची जमा. त्यांतून एखादे पात्र मैदानात आणण्यासाठी वा युद्ध पुकारण्यासाठी जे पत्ते मोजून द्यावे लागतात ते वापरलेल्यांच्या थप्पीत जातात, हा झाला खर्च. आणि पाळी संपताच वापरलेली थप्पी जशीच्या तशी राखीव गड्डीच्या तळाशी सरकवली जाते, म्हणजे खर्च झालेले धन फिरून तिजोरीच्या तळाशी येते. हानी झाली म्हणजे मात्र पत्ते गमावलेल्यांच्या थप्पीत पडतात, आणि तेथून सहसा परत येत नाहीत. राखीव, जमा आणि वापरलेली अशा तिन्ही थप्प्या ज्याच्या रित्या झाल्या तो हरला. तेव्हा या खेळात एखाद्या वीराला गड्डीत जागा देणे म्हणजे आपल्या आयुष्याच्या साठ श्वासांतला एक श्वास त्याच्या नावे लिहून देणे होय.

आता पात्राचा पत्ता हाती घ्यावा. त्यावर छायाचित्र, पात्राचा दोन-चार ओळींचा पूर्ववृत्तांत आणि त्याच्या विशेष गुणांचा मजकूर असतो. परंतु परीक्षकाची दृष्टी प्रथम पाच आकड्यांवर जाते. डाव्या अंगास बळ आणि सिद्धी हे दोन अंक असतात. बळ म्हणजे लढाईत तो किती भार टाकील याचे माप, आणि सिद्धी म्हणजे फोर्सशी त्याचे सख्य किती याचे माप. त्यांच्या खाली तैनाती आणि भरपाई हे दोन अंक असतात. तैनाती म्हणजे त्याला मैदानात उभे करण्यास लागणारा खर्च, आणि भरपाई म्हणजे त्याचा बळी दिला असता किती हानी फिटेल याचा आकडा. पाचवा अंक उजव्या कोपऱ्यात वर, सर्वांपासून अलग छापलेला असतो; त्याला आपण दैवांक म्हणू. नवशिक्या खेळाडूचे डोळे बळावरून हलत नाहीत, थोडा मुरलेला सिद्धीकडे पाहतो, हिशेबी मनुष्य तैनाती पाहतो. आणि दैवांक बव्हंशी सर्वांच्या शेवटी पाहिला जातो, हेच या विद्येतील पहिले आश्चर्य.

उदाहरणादाखल या खेळातील दोन पत्ते शेजारी मांडू. शुक्लपक्षाकडील चूबाका हा अंगभर केस असलेला, सात फुटांहून उंच वूकी जातीचा योद्धा. त्याचे बळ ६. कृष्णपक्षाकडील डार्थ व्हेडर हा काळ्या शिरस्त्राणातला, साम्राज्याचा कर्दनकाळ. त्याचेही बळ ६. बळाच्या तराजूत दोघे तंतोतंत तुलतात, आणि केवळ त्या अंकावर निकाल द्यावयाचा तर दोघांची बरोबरी मान्य करावी लागेल. परंतु चूबाकाची सिद्धी २ आहे आणि व्हेडरची ६. आणि या एका फरकाने दोघांच्या योग्यतेत जमीन-अस्मानाचे अंतर पडते.

ते कसे, हे कळण्यासाठी लढाईचा कायदा पाहावा लागेल. एखाद्या स्थळी दोन्ही पक्षांची माणसे समोरासमोर आली असता फोर्सचा एक पत्ता मोजून युद्ध पुकारता येते. दोन्हींकडील बळांची बेरीज होते. परंतु त्या बेरजेवर प्रकरण संपत नाही. ज्या पक्षाच्या तेथील पात्रांची एकूण सिद्धी किमान ४ भरते, त्याला आपल्या राखीव गड्डीच्या माथ्यावरचा पत्ता उलटून त्याचा दैवांक पाहण्याचा अधिकार मिळतो. हा दैवांक दोन ठिकाणी मोजला जातो: एकदा तो आपल्या बळात मिळतो, आणि दुसऱ्यांदा तोच आकडा प्रतिपक्षावर ‘झीज’ म्हणून बसतो. बळात जो उणा पडला त्याला दोन्ही बेरजांच्या फरकाइतकी हानी सोसावी लागते. ती त्याने गड्डीतले वा हातातले पत्ते गमावून फेडावी किंवा मैदानातील माणसांचा बळी देऊन फेडावी, अशी त्याला मुभा असते. झिजेच्या बाबतीत मात्र अशी मुभा नाही. ती जिंकणारालाही चुकत नाही, आणि त्या स्थळी उभ्या असलेल्या माणसांच्या बळीनेच ती फिटते.

आता एकटा चूबाका आणि एकटा व्हेडर यांची गाठ पडली अशी कल्पना करा. बळ दोघांचे ६. चूबाकाची सिद्धी ४ ला पोहोचत नाही, म्हणून त्याच्या पक्षाला दैव अजमावण्याचा हक्कच नाही. व्हेडर आपला पत्ता उलटतो. समजा ४ निघाला. त्याचे बळ १० झाले, चूबाकाचे ६ राहिले. शुक्लपक्षावर ४ ची हानी आली आणि वर ४ ची झीज आली, आणि बिचाऱ्या वूकीला मैदान कायमचे सोडावे लागले. व्हेडरच्या अंगावर मात्र ओरखडाही उठला नाही, कारण समोरून पत्ताच उलटला गेला नव्हता. आता त्याच चूबाकाच्या शेजारी त्याचा जोडीदार हान सोलो उभा करा. हानचे बळ ३ आणि सिद्धीही ३. एकटा असता तोही उंबरठ्याच्या अलीकडेच अडखळला असता. परंतु दोघे मिळून बळ ९ आणि सिद्धी ५ होते. त्यांनी पत्ता उलटला आणि ३ निघाला, व्हेडरचा पूर्वीप्रमाणे ४ निघाला. शुक्लपक्षाचे १२, कृष्णपक्षाचे १०. निकाल फिरला. व्हेडरवर आलेली ३ ची झीज त्याच्या पत्त्यावरील अल्प झिजेपासून अभय देणाऱ्या कलमाच्या आश्रयाने टळते, शुक्लपक्षाला मात्र विजयी होऊनही आपल्या दोघांपैकी एकाचा बळी द्यावा लागतो. तरी हानीचा भार पलटला, आणि तो पलटविण्यात बळाइतकाच सिद्धीच्या बेरजेचा हात होता. चित्रपटात हे दोघे सदैव बरोबर वावरतात ही कथेची सोय होती. पत्त्यांच्या रचनाकाराने तिला गणिताची सक्ती बनविले.

यावरून परीक्षकाने पहिला बोध असा घ्यावा की, सिद्धी हे बळासारखे चढत्या भाजणीचे माप नसून तो एक उंबरठा आहे. सिद्धी ३ आणि सिद्धी ४ यांत केवळ एकाचे अंतर दिसते. परंतु शुक्लपक्षाचा नायक, ४ सिद्धीचा ल्यूक स्कायवॉकर, एकट्याने दैव अजमावू शकतो आणि ३ सिद्धीचा हान सोलो शकत नाही, म्हणून ते अंतर म्हणजे सनद असणे आणि नसणे यांतले अंतर होय. उलट ४ ची ६ झाली तरी दैव अजमावण्याच्या अधिकारात भर पडत नाही. तो अधिक अंक अन्य मार्गांनी उपयोगी येतो, विशेषेकरून शस्त्रांपासून रक्षण होण्यास, कारण नेम धरणाऱ्याने उलटलेला दैवांक लक्ष्याच्या सिद्धीहून अधिक भरला तरच घाव लागतो. आणि उंबरठ्याच्या अगदी तळाशी आणखी एक पायरी आहे. आर-टू-डी-टू किंवा सी-थ्रीपीओ यांसारख्या यंत्रमानवांना सिद्धी मुळीच नसते, त्यामुळे ते एकटे उभे असता त्या स्थळी आपला अंमल आहे असे कायदा मानीतच नाही; आणि जेथे अंमल नाही तेथे प्रतिपक्षाकडून दर पाळीस फोर्सची वसुली करता येत नाही. यंत्र कितीही गुणी असो, मुलूख राखण्यास जीवच लागतो, असा तो न्याय आहे.

दुसरी परीक्षा तैनातीची. व्हेडरला मैदानात आणण्यास फोर्सचे ६ पत्ते मोजावे लागतात. डावाच्या आरंभी एखाद्याची जमा पाळीगणिक तीन पत्त्यांची असेल, तर व्हेडर उतरविण्यासाठी त्याला दोन पाळ्यांचे सबंध उत्पन्न राखून ठेवावे लागेल. आणि त्या दोन पाळ्यांत प्रतिपक्षाने एकेका पत्त्याच्या खर्चाचे किरकोळ सैनिक तीन-चार ठिकाणी पसरून अंमल बसविला, तर महावीर अवतरेपर्यंत अर्धा मुलूख हातचा गेलेला असेल. म्हणून बळाला तैनातीने भागून येणारा आकडा पुष्कळ खेळाडू प्रथम काढतात. ही रीत उपयोगी आहे, पण पुरती नाही. किरकोळ सहा सैनिकांचे मिळून बळ एका व्हेडरइतके होईलही. परंतु सहा सैनिकांनी साठांपैकी सहा जागा अडविल्या, आणि व्हेडरने एक. द्रव्याची टंचाई जशी असते तशी जागेचीही असते, आणि खऱ्या हिशेबनिसाला दोन्ही वह्या समोर ठेवाव्या लागतात.

तिसरी परीक्षा भरपाईची. मनुष्य जिवंत असता किती कामाचा हे सांगणारे अंक वर होऊन गेले. मेला असता किती कामाचा, हे सांगणारा हा अंक. लढाईत ५ ची झीज आली असता ज्याची भरपाई ५ आहे असा एकच गडी देऊन मोकळे होता येते. ज्याची भरपाई २ आहे असे सैनिक द्यावयाचे तर तिघे खर्ची घालावे लागतात. विशेष हे की एकाच बळीने झीज आणि हानी ही दोन्ही देणी एकदम फिटतात, म्हणून मोठ्या भरपाईचा पण स्वस्त तैनातीचा गडी हा पराभवाच्या दिवशी जामीन म्हणून उभा राहतो. अशा पात्रांची नावे कोणी उत्साहाने घेत नाही, त्यांच्या छायाचित्रांत शौर्याचा आवेश नसतो. तथापि अनुभवी खेळाडू प्रत्येक मोठ्या वीराच्या शेजारी असा एक जामीनदार उभा करून ठेवतो. बळीचे पात्र कोणते हे आधी ठरवून मग युद्ध पुकारावे, हा या खेळातील सेनापतींचा शिरस्ता आहे.

आता पाचव्या अंकाकडे येऊ. पात्रांच्या पत्त्यांवरील दैवांक आणि त्यांचा पराक्रम यांचे नाते रचनाकारांनी बहुतांशी व्यस्त ठेवले आहे. व्हेडरचा दैवांक १ आहे. ल्यूकचाही १. जे पत्ते कामास क्वचितच येतात, ज्यांचा उपयोग एखाद्या विवक्षित प्रसंगापुरताच असतो, त्यांवर ४, ५ किंवा त्याहूनही मोठा दैवांक छापलेला असतो. गंजिफांतल्या अर्ध्या रंगांत एक्का जसा दश्शीवर चढून बसतो, तशी ही उलटी प्रतिष्ठा येथे प्रत्येक पत्त्याच्या पोटातच घातलेली आहे: उजेडात जो थोर तो अंधारात क्षुद्र, आणि उजेडात जो क्षुद्र तो अंधारात थोर. कारण दैवांक हा पत्ता खेळला असता उपयोगी पडत नाही. तो गड्डीत पालथा पडून राहिलेला असताना, लढाईच्या ऐन क्षणी योगायोगाने वर आला असता उपयोगी पडतो.

याचा परिणाम आकड्यांनी दाखवितो. समजा एकाने आपल्या साठ पत्त्यांत दैवांक १ चे दहा थोर वीर घेतले आणि उरलेले पन्नास पत्ते सरासरी ४ दैवांकाचे ठेवले; त्याच्या गड्डीची सरासरी साडेतीन होते. दुसऱ्याने लोभाने वीस वीर घेतले आणि चाळीस इतर पत्ते ठेवले. त्याची सरासरी ३ वर येते. अर्ध्याचाच फरक, असे कोणी म्हणेल. परंतु उलटलेला प्रत्येक अंक दोनदा मोजला जातो हे वर सांगितलेच आहे. तेव्हा दहा वेळा पत्ता उलटण्याचा प्रसंग आला तर दुसऱ्या खेळाडूने बळात पाच आणि झिजेत पाच असे दहा अंक केवळ आपल्या वीरांच्या मोठेपणापायी गमावले. त्याने व्हेडरला गड्डीत घेतले ते लढाई जिंकण्यासाठी. आणि लढाईच्या ऐन मोक्यावर साम्राज्याच्या स्टॉर्मट्रूपर सैनिकांची एक तुकडी दैवावर विसंबून उभी असताना माथ्यावर व्हेडरच निघाला, तर त्याच्याच उपस्थितीने ती तुकडी कापली जाते. महापुरुष घरात असूनही वेळेला बाहेर न पडता आड येतो, अशातलाच हा प्रकार.

येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वीर एकदा मैदानात उतरला की त्याचा दैवांक गड्डीतून वजा होतो, आणि राहिलेल्या गड्डीची सरासरी उलट सुधारते. म्हणजे त्याच्या क्षुद्र दैवांकाचा दंड तो रिकामा पडून आहे तोवरच भरावा लागतो. जो पत्ता डावात लवकर आणि हटकून उतरतो, त्याचा १ हा दैवांक जवळपास माफ झाल्यासारखा असतो. जो महाग असल्यामुळे, अटी जाचक असल्यामुळे किंवा योग्य स्थळ टेबलावर न आल्यामुळे डावभर गड्डीत घुटमळत राहतो, त्याच्याकडून तो दंड पुन्हा पुन्हा वसूल होत असतो. पहिल्या संचातील ल्यूकला तो ज्यावर वाढला त्या टॅटुईन या वाळवंटी ग्रहावरच प्रथम उतरण्याची अट आहे. ज्याच्या गड्डीत टॅटुईनची स्थळे पुष्कळ, त्याला ही अट नाममात्र. ज्याची गड्डी दुसऱ्याच ग्रहाभोवती बांधलेली, त्याच्या दप्तरी तोच ल्यूक निव्वळ बाकी. पत्ता एकच, छापील अंकही तेच. परंतु एका घरात तो मिळवता पुत्र आणि दुसऱ्या घरात बसून खाणारा पाहुणा.

स्मरणशक्तीचाही या मामल्यात वाटा आहे. उलटलेला पत्ता वापरलेल्या थप्पीवर जातो, आणि ती थप्पी पिसल्यावाचून गड्डीच्या तळाशी सरकवली जाते. गड्डी धुंडाळण्याचा प्रसंग आला तरच ती पिसतात. एरवी तिच्यातील क्रम कायम राहतो. त्यामुळे ५ दैवांकाचा पत्ता आपण कितव्या स्थानी दडविला हे जो मोजून ठेवतो, तो पुढे नेमकी वेळ साधून युद्ध पुकारू शकतो. नवख्याला जे दैव भासते ते जाणत्याच्या लेखी मुदतठेवीसारखे असते. मोठ्या दैवांकाच्या साध्या पत्त्याचे मोल अशा खेळाडूच्या हाती दुणावते, आणि परीक्षकाला पत्त्याबरोबर पत्ता बाळगणाराचीही परीक्षा करणे भाग पडते.

चौथा प्रश्न संख्येचा आहे. नामवंत पात्रांच्या नावापूर्वी एक ठिपका छापलेला असतो. त्याचा अर्थ हा पुरुष एकमेव आहे, एका खेळाडूचा असा एकच टेबलावर असू शकतो. तरीही गड्डीत त्याच्या प्रती कितीही ठेवण्यास मनाई नाही. आरंभीचे स्थळ बाजूस काढल्यावर राहिलेल्या ५९ पत्त्यांतून आठ पत्ते हाती येतात. व्हेडरची एकच प्रत असेल तर तो पहिल्या हातात येण्याचा संभव सुमारे १४ टक्के. तीन प्रती ठेवल्या तर तो सुमारे ३६ टक्के होतो. तेव्हा ज्या वीरावर सबंध डावाची मदार आहे त्याच्या तीन प्रती ठेवणे शहाणपणाचे ठरते. परंतु पहिला उतरला की उरलेले दोघे तो मरेपर्यंत बेकार, आणि तोवर त्यांचे दैवांक १ गड्डीच्या सरासरीला खाली ओढीत असतात. ते हाती आले तर हानी भरताना प्रथम तेच गमवावेत, एवढाच त्यांचा सदुपयोग. हमी फुकट मिळत नाही, तिचा हप्ता भरावा लागतो. आणि तो हप्ता परवडतो की नाही, हे गड्डी बांधणाऱ्याने आपल्यापुरते ठरवावयाचे असते.

राहता राहिला मजकूर आणि साहचर्य. पात्र आपल्या यानाच्या बळात किती भर घालते, शस्त्र धारण करण्यास ते लायक आहे की नाही, कोणत्या सोबत्याबरोबर त्याचे गुण वाढतात, ही कलमे वाचताना परीक्षकाने प्रत्येक गुणाच्या मागे एक ‘जर’ दडलेला असतो हे विसरू नये. ‘जर अमुक सोबती असेल’, ‘जर अमुक स्थळी असेल’, ‘जर हाती खड्ग असेल’ असे जितके जर अधिक, तितके त्या गुणाचे प्रत्यक्ष मोल कमी; कारण प्रत्येक जर म्हणजे साठांपैकी आणखी एक पत्ता वेळेवर हाती यावयाची प्रतीक्षा होय. छापील मजकूर कितीही भारदस्त असला तरी ज्याच्या अटी आपल्या गड्डीत आपोआप पुऱ्या होतात तोच मजकूर जमेस धरावा, आणि बाकीचा अलंकारिक समजून सोडून द्यावा.

बाजारातील किंमत हा आणखी वेगळाच विषय. पुडक्यात दुर्मीळ पत्ता एखादाच असे, त्यामुळे व्हेडर किंवा ल्यूक निघाला म्हणजे मुलांच्या आनंदाला पारावार राहत नसे. आणि पहिल्या छपाईच्या काळ्या कडांच्या प्रतींना पुढील पांढऱ्या कडांच्या प्रतींहून अधिक भाव मिळे, जरी दोहोंवरचा मजकूर खेळाच्या दृष्टीने एकच होता. हा भाव दुर्मिळतेचा, कीर्तीचा आणि आठवणींचा होता. तो खोटा होता असे नव्हे. पण तो संग्राहकाच्या पेटीतला भाव होता, डावातला नव्हता, आणि दोन्ही बाजारांचे वजनमाप एकच समजण्याने कित्येकांनी आपली गड्डी सुशोभित पण दुबळी करून ठेवली.

शिवाय मूल्य हे स्थिर राहत नाही. ल्यूकचेच उदाहरण घ्या: पहिल्या संचात तो शेतकऱ्याचा पोर, १९९६ च्या ‘हॉथ’ संचात तोच सेनानायक, १९९७ च्या ‘डॅगोबा’ संचात योडा या गुरूपाशी विद्या शिकणारा स्कायवॉकरपुत्र, आणि २००० सालच्या ‘डेथ स्टार २’ संचात पूर्ण दीक्षा पावलेला जेडाय योद्धा. मनुष्य एक आणि पत्ते चार. एकमेवतेचा नियम त्या चौघांनाही एकच धरतो, म्हणून नवा ल्यूक निघाला की जुन्याचे छापील अंक न बदलताही त्याची किंमत उतरते. पूर्वी ज्याची योग्यता निर्विवाद होती तो आज पेटीच्या तळाशी जातो, आणि त्यात त्याचा स्वतःचा काहीच अपराध नसतो.

डिसायफरकडील परवान्याची मुदत २००१ च्या अखेरीस सरली आणि कंपनीला हा खेळ छापणे बंद करावे लागले. परंतु खेळणाऱ्यांनी आपली समिती नेमून तो चालू ठेवला, आणि त्या समितीने जे काम हाती घेतले ते या लेखाच्या विषयाशी विलक्षण जुळणारे आहे. नवे पत्ते छापण्याचा अधिकार त्यांना नव्हता. म्हणून त्यांनी पेट्यांच्या तळाशी पडलेले, कोणी न खेळणारे जुने पत्ते काढले, त्यांच्यासाठी नवा मजकूर लिहिला, आणि तो साध्या कागदावर छापून पारदर्शक पाकिटात त्या जुन्या पत्त्यावर सरकवून ठेवण्याची वहिवाट पाडली. पूर्वी टाकाऊ ठरलेला पत्ता त्या चिटोऱ्याखाली पुन्हा डावात आला. व्हेडरच्या मोठेपणाबद्दल कोणाला कधी शंका नव्हती, म्हणून त्याच्यावर फार वेळ खर्च करण्याचे कारण पडत नाही. परीक्षकाची खरी कसोटी त्या चिटोऱ्याखालच्या पत्त्यापाशी लागते. त्याचे बळ पाहून झाले, सिद्धी पाहून झाली, की मग उजव्या कोपऱ्यातला तो एकाकी अंक वाचावा, आणि हा गडी कधीच उतरला नाही तरी आपल्याजवळ ठेवण्याजोगा आहे काय, हे स्वतःस विचारून मगच त्याला साठांत जागा द्यावी.